झाशीचे दरवाजे, विजेचे दरवाजे

मुंबईची पंजाब मेल, पुण्याची झेलम एक्सप्रेस आणि वास्कोची गोवा एक्सप्रेस या तिन्ही गाड्या झाशीला थांबतात. त्यामुळे उत्तरेची वारी केलेल्या बऱ्याच मराठी माणसांनी झाशी पाहिलेली असते, पण फलाटावरून! पाण्याची बाटली भरायची, पाटीवरचं 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' हे नाव वाचायचं, मुलांना 'हीच ती झाशी' असं सांगायचं आणि गाडीत चढायचं.

पुढच्या वेळी उतरा. निदान एक दिवस राहा. किल्ला, राणीमहाल, लक्ष्मीताल आणि राणीचं लग्न जिथं लागलं ते गणेश मंदिर तर बघाच. पण झाशीत आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ती विजेची आहे आणि तिचा धागा तुमच्या घरातल्या गिझरच्या प्लगपासून थेट जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रापर्यंत जातो. चला, किल्ल्यापासूनच सुरुवात करू.

भिंत मजबूत, काळजी दाराची

बांगडा टेकडीवरचा हा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर इथे आले. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या नावाचं देऊळ आणि घंटा आहे, तेच हे नारोशंकर. त्यांनी किल्ला वाढवला आणि त्या भागाला शंकरगड म्हणू लागले. किल्ल्यात 'कडक बिजली' नावाची तोफ ठेवली आहे. मुलांना नाव वाचून दाखवा, विजेच्या गोष्टीला याहून चांगला नारळ कुठला?

तटाच्या भिंती ग्रॅनाइटच्या आहेत, जाडी १६ ते २० फूट. जवळ उभं राहिलं की वाटतं, यातून मुंगीसुद्धा आत जाणार नाही. पण शहर म्हटलं की माणसं, धान्य, पाणी, गाई-म्हशी यांची ये-जा रोजचीच. म्हणून दरवाजे ठेवावेच लागतात. झाशीच्या दरवाज्यांची नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत: खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, सागर, लक्ष्मी, सैंयर, भांडेर. रिक्षावाल्याला नाव सांगा, तो बरोबर नेऊन सोडतो.

१८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला, तेव्हा पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे या तटाच्या आतच अडकले होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मुळे, म्हणजे १९०७ साली छापल्या गेलेल्या त्या पुस्तकामुळे, मराठी वाचकाला तो वेढा आतून कळला. एका दरवाज्याशी फितुरी झाली, अशी कथा झाशीत आजही सांगतात. खरी-खोटी ते इतिहासकार ठरवतील. पण अशी कथा दरवाज्याभोवतीच का तयार होते, हे कळायला इतिहासकार लागत नाही. तटबंदी कितीही भक्कम असली तरी दार हवंच आणि जे दार आपल्या माणसाला आत घेतं, तेच शत्रूलाही घेऊ शकतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. आता शहराबाहेर जाऊ.

खैलारच्या रस्त्यावर

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर खैलार लागतं. इथे भेल, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आहे. १९७४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. हे काही सहलीचं ठिकाण नाही, आत जायला परवानगी लागते. पण इथे काय तयार होतं ते ऐका: विजेचे मोठे ट्रान्सफॉर्मर, रेल्वेची इंजिनं, इंजिनांतले ट्रान्सफॉर्मर आणि 'बसडक्ट'.

बसडक्ट हे नाव फार जणांनी ऐकलेलं नसतं. वीजकेंद्रात जनित्र वीज तयार करतं आणि ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवून तारांवर सोडतो. या दोघांमधला रस्ता म्हणजे बसडक्ट. तिथे साधी केबल का चालत नाही, ते आकड्यांवरून कळेल.

तुमचा २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर करंट घेतो. मघाशी तुम्ही ज्या गाडीतून उतरलात, तिचं इंजिन पूर्ण ताकदीनं ओढताना वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेतून सुमारे २०० अँपिअर घेतं. झाशी जिल्ह्यातच बेतवेकाठी पारीछा औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे २१० मेगावॅटचे संच आहेत. अशा संचाच्या जनित्रातून सुमारे ९,००० अँपिअर बाहेर पडतात. ५०० मेगावॅटचा संच असेल, तर आकडा १६ हजारांवर जातो.

एवढा प्रवाह तारेनं नेता येत नाही. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा जाड, पोकळ नळा वापरतात. पोकळ अशासाठी की आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते आणि असा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहणं पसंत करतो. मधला धातू फुकट गेला असता. हा नळा चिनी मातीच्या आधारांवर आणखी एका मोठ्या नळ्याच्या आत बसवतात. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लांबतं, म्हणून मधे लवचिक जोड ठेवतात. जोडांच्या पृष्ठभागावर चांदीचा मुलामा देतात. सगळा आराखडा झाशीचा मे महिना सोसेल अशा बेतानं करतात.

इथेही गोष्ट दाराचीच आहे. ट्रान्सफॉर्मरची लोखंडी टाकी म्हणजे तट. आत तेल, बाहेर हवा. करंट आत न्यायचा, पण टाकीला त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्यासाठी टाकीवर चिनी मातीचे ते चकत्या-चकत्यांचे उंच खांब असतात, त्यांना बुशिंग म्हणतात. रस्त्यानं जाताना एखादं सबस्टेशन दिसलं की मुलांना ते दाखवा आणि सांगा, 'हे विजेचे दरवाजे.'

दार अवघड कधी होतं?

आता जिनिव्हाला जाऊ. तिथे सर्न या संस्थेचा 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' हा कणवेगवर्धक जमिनीखाली २७ किलोमीटरच्या वर्तुळात बसवलेला आहे. त्यात प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात. त्यांना वर्तुळात वळवायला १,२३२ मोठे चुंबक आहेत, प्रत्येकाची लांबी साधारण १५ मीटर. पूर्ण क्षमतेला त्यांतून ११,८५० अँपिअर वाहतात.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? खैलारला तर १६ हजार अँपिअरचे रस्ते बनतात!

बरोबर आहे. आकडा मोठा नाहीच. फरक असा, की हे चुंबक उणे २७१ अंश सेल्सिअसला ठेवलेले असतात. निओबियम-टायटॅनियमची तार इतकी थंड केली की तिचा विद्युत रोध शून्य होतो. तिला अतिसंवाहक म्हणतात. ही जादू हाइका कॅमरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये पाऱ्यात पहिल्यांदा पाहिली. एकदा रोध गेला की वीज उष्णतेत वाया जात नाही, चुंबक तापत नाही.

पण वीजपुरवठ्याचं यंत्र आपल्यासारखंच साध्या खोलीत उभं असतं, २०-२५ अंशांत. तिथून उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमपर्यंत करंट न्यायचा, तर मधे धातूचा एक दांडा लागणारच. त्याला 'करंट लीड' म्हणतात. हाच तो दरवाजा.

आणि इथे निसर्गानं खोडी केली आहे. जो धातू वीज चांगली नेतो, तोच उष्णताही चांगली नेतो. गुस्टाव्ह वीडमन आणि रुडॉल्फ फ्रांझ यांनी हा नियम १८५३ मध्ये मांडला. योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे झाशीत गंगाधरराव वारले. नियम तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. पातेल्याच्या बुडाला तांबं लावतात, कारण ते आच पटकन पसरवतं. घरातल्या वायरीतही तांबंच असतं. आपला माणूस आणि शत्रू, दोघं एकाच दारानं येतात!

जाड करावा की बारीक?

समजा, तुम्हाला हा दांडा बनवायचा आहे. जाड केला तर रोध कमी, दांडा विजेमुळे तापणार नाही. पण त्याच जाड दांड्यातून खोलीतली उष्णता खाली धावत जाईल. मग बारीक करा. आता वरची उष्णता अडली, पण दांडा स्वतःच हीटरच्या कॉइलसारखा तापेल. लांबीचंही तेच. लांब केला तर उष्णता कमी उतरते, पण रोध वाढतो.

म्हणून अभियंते मधला मार्ग शोधतात. ठरावीक करंटसाठी लांबी आणि जाडी यांचं एक नेमकं प्रमाण असतं, तिथे नुकसान कमीत कमी होतं. पण तांब्याचा दांडा कितीही हुशारीनं कापला, तरी दर हजार अँपिअरमागे साधारण ४७ वॅट उष्णता खाली पोचतेच.

४७ वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हिशेब करू. १३ हजार अँपिअरसाठी बनवलेल्या लीडच्या एका जोडीमागे, म्हणजे जायची एक आणि यायची एक, सुमारे १,२०० वॅट होतात. एका वॅटनं तासाला साधारण १.४ लिटर द्रव हेलियम उकळून जातो. म्हणजे एका जोडीमागे तासाला जवळजवळ १,७०० लिटर! आणि इतक्या थंडीत शिरलेली एक वॅट उष्णता परत बाहेर काढायला वर सुमारे २५० वॅट वीज खर्च करावी लागते.

यावर पहिला उपाय मोठा गमतीचा आहे. उकळलेल्या हेलियमची वाफ नुसती सोडून द्यायची नाही, ती त्याच दांड्याला लागून वर न्यायची. वर जाता जाता ती गार वाफ खाली येणारी उष्णता वाटेतच उचलून घेते. हेलियमच्या उकळण्यात जितकी उष्णता शोषली जाते, त्याच्या सुमारे ७५ पट उष्णता ही वाफ खोलीच्या तापमानाला येईपर्यंत शोषते. त्यामुळे ४७ चे जवळजवळ १.१ वॅट होतात आणि १,७०० लिटरचे सुमारे ४०. शत्रू दारातून आत येऊ पाहतो आणि आतून बाहेर निघालेली माणसंच त्याला अडवतात.

दुसरा उपाय १९८६ नंतर मिळाला. बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी असे चिनी मातीसारखे ठिसूळ पदार्थ शोधले, जे त्या मानानं 'उबदार' असतानाही अतिसंवाहक होतात. त्या कुळातलं बिस्मथचं एक संयुग उणे १६३ अंशांच्या आसपासच रोध सोडतं. वीज नेतं, पण उष्णता फारशी नेत नाही. वीडमन-फ्रांझचा नियम साध्या धातूंचा, हा पदार्थ त्यातून सुटतो. म्हणून सर्नच्या मोठ्या लीडचा वरचा भाग तांब्याचा आणि खालचा, थंडीतला भाग या पदार्थाच्या पट्ट्यांचा केला. अशा लीड तिथे हजाराहून अधिक आहेत. सगळ्यांची क्षमता एकत्र धरली तर सुमारे ३० लाख अँपिअर भरते.

एवढ्यानं काम संपत नाही. वरचं टोक गार पडून त्यावर दव आणि बर्फ जमू नये म्हणून तिथे छोटे हीटर लावतात. हेलियम वायू हवेपेक्षा कमी दाबातच ठिणगीला वाट देतो, म्हणून विद्युतरोधन हवेतल्यापेक्षा कडक ठेवावं लागतं. गार वायूचा पुरवठा अचानक थांबला, तर चुंबकातला करंट सावकाश उतरवेपर्यंत, म्हणजे काही मिनिटं, लीडनं वितळून न जाता तग धरायला हवा. त्यासाठी तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेज सतत मोजतात. काही मिलिव्होल्ट वाढले तरी यंत्रणा प्रवाह उतरवायला घेते.

दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रातही अतिसंवाहक चुंबक असतो. तिथे हे सगळं सोपं आहे. एकदा करंट भरला की तो आतल्या आत वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणून बऱ्याच यंत्रांत लीड काढून घेता येते. दार बंद! कणवेगवर्धकाला ही सोय नाही. त्याचा करंट प्रत्येक फेरीला सुमारे ७६० अँपिअरवरून ११,८५० पर्यंत चढवायचा आणि पुन्हा उतरवायचा असतो. दार कायम उघडंच ठेवावं लागतं.

१७ वॅटची किंमत

आता एक खरी घडलेली गोष्ट. १० सप्टेंबर २००८ रोजी या यंत्रात पहिल्यांदा प्रोटॉनचा झोत फिरला. जगभर कौतुक झालं. नऊच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, एका भागात करंट चढवत असताना ८,७०० अँपिअरला एक जोड दगा देऊन गेला. हा जोड लीडचा नव्हता, दोन चुंबकांमधल्या तारेचा होता. असे जोड तिथे १० हजारांच्या घरात आहेत.

त्या जोडाचा रोध किती होता? नंतरच्या हिशेबानं सुमारे २२० नॅनोओहम, म्हणजे एका ओहमचा जवळजवळ ४५ लाखावा भाग. त्यातून निर्माण होणारी उष्णता साधारण १७ वॅट, तुमच्या घरातल्या दोन एलईडी बल्बांएवढी. पण त्या थंडीत तेवढीही जास्त झाली. तार अतिसंवाहक राहिली नाही, ठिणगी पेटली, हेलियमची टाकी भोकाटली आणि काही टन हेलियम बोगद्यात फुटून बाहेर आला. ५३ चुंबक वर आणावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला.

या यंत्रात आपलाही वाटा आहे. झाशीपासून नैर्ऋत्येला इंदूर, होळकरांचं, म्हणजे आणखी एक मराठी शहर. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकारानं भारतानं सर्नला झोताची वाट सुधारणारे सुमारे १,८०० छोटे अतिसंवाहक चुंबक पुरवले. प्रचंड चुंबक मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमके बसवणारे सुमारे ७,००० जॅकही भारतातूनच गेले. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

आणि तुमच्या घरी

खैलारच्या बसडक्टच्या जोडाला चांदीचा मुलामा का आणि सर्नमध्ये प्रत्येक जोडावर डोळ्यात तेल घालून पहारा का, हे आता कळलं असेल. वीज नेणं हा अर्धाच भाग. ती एका वस्तूतून दुसरीत, एका जगातून दुसऱ्यात जिथे जाते, धोका तिथे असतो.

घरचंच बघा. गिझरच्या प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसली आणि तिथे फक्त एक दशांश ओहम रोध तयार झाला, तर ९ अँपिअरला त्या चिमूटभर जागेत ८ वॅट उष्णता होते. सगळी एका बिंदूवर. म्हणून पिन काळी पडते, सॉकेट पिवळं पडतं, जळकट वास येतो. बऱ्याचदा एमसीबी पडत नाही, कारण करंट जास्त नसतोच, फक्त जोड वाईट असतो. तेव्हा एमसीबीच्या भरवशावर राहू नका. प्लग काढल्यावर पिन चटका बसेल इतकी गरम लागली, तर ते सॉकेट वापरणं थांबवा आणि वायरमनला बोलवा. आज रात्री एकदा गिझर, इस्त्री आणि एसीचे प्लग बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

झाशीला जाणार असाल, तर दिवाळीनंतर जा, ऊन सोसवतं. सकाळी किल्ला करा. दुपारी लक्ष्मीतालाजवळ गंगाधररावांची समाधी बघा. वेळ उरला तर ओरछा तासाभरात गाठता येतं. पण संध्याकाळी तटाचा एखादा जुना दरवाजा गाठायला विसरू नका. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी ज्या वाटेनं बाहेर पडल्या असं सांगतात, तो भांडेर दरवाजा तर बघाच. आणि तिथून परतताना डोक्यावरच्या विजेच्या खांबांकडेही एकदा नजर टाका.